तिसरं प्रूफ

गेल्या वर्षी 20 ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. अभ्यंगस्नानं आटोपली होती, कारीट फोडून झालं होतं, फराळाची ताटं या घरातून त्या घरात फिरत होती. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास आमच्या वरच्या मजल्यावरचा इंजिनियर मुलगा हातातली चकली तशीच ठेवून लॅपटॉप उघडून बसला. त्याची ऑन-कॉलची पाळी होती. जगभर स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा अशी एकमेकांशी काही नातं नसलेली ॲप्स एकाच वेळी अडखळायला लागली होती. थोड्या वेळाने त्याची आई माझ्याकडे आली. "काका, अमेरिकेत काहीतरी बिघडलंय म्हणे. मग याला इथे सणाच्या दिवशी पानावरून का उठवतात?"

प्रश्न रास्त होता. बिघाड झाला होता उत्तर व्हर्जिनियात, ॲमेझॉनच्या डेटा सेंटरांच्या सगळ्यात जुन्या आणि गजबजलेल्या पट्ट्यात. तिथे एका मोठ्या डेटाबेस सेवेच्या पत्त्यांची यादी असते; कुठली विनंती कुठल्या यंत्राकडे जायची, हे त्या यादीवरून ठरतं. यादी ताजी ठेवण्याचं काम माणसं करत नाहीत, एकाच कामाला जुंपलेले काही प्रोग्रॅम करतात. त्या दिवशी त्यातला एक रेंगाळला. दुसऱ्याने तोवर नवी यादी लावली आणि जुन्या याद्यांची साफसफाई सुरू केली. तेवढ्यात रेंगाळलेला आला आणि आपल्या हातातली जुनी यादी नव्या यादीवर चिकटवून मोकळा झाला. साफसफाईवाल्याने ती जुनी पाहिली आणि कचऱ्यात टाकली. पत्त्याचं पान कोरं! प्रोग्रॅमना ते पुन्हा भरता येईना. शेवटी माणसांनी हात घातला. सगळं पूर्ववत होईपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

ज्याने एकदा तरी दिवाळी अंक काढला आहे, त्याला यातलं काही समजावून सांगायला नको. तिसरं प्रूफ तपासून टेबलावर असतं आणि कुणीतरी घाईत दुसरंच छापखान्यात पाठवतं. पाठवणारा आपलं काम चोख करत असतो, टेबल आवरणाराही. अंक हातात आल्यावर कवीचा फोन येतो.

त्या बिघाडात कृत्रिम बुद्धिमत्तेचा काही संबंध नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. ती जुन्या वळणाची स्वयंचलित यंत्रणा होती, माणसांनी ओळ न् ओळ लिहिलेली. पण आता त्या ओळीही यंत्र लिहू लागलं आहे आणि ते ज्या जागेत बसून लिहितं ती जागाही त्याच्यासाठी नव्याने बांधली जाते आहे. कथा-कवितांच्या अंकाने यात का पडावं, असं कुणी विचारेल. लिहिणं आणि लिहिलेलं तपासणं हाच आमचा धंदा आहे, म्हणून.

आधी जागेबद्दल. 2006 साली ॲमेझॉनने आपली यंत्रं तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा दर होता तासाला दहा सेंट. आमच्या लहानपणी सायकल मिळायची तशी: आणा, फिरवा, परत करा. या धंद्याला क्लाउड हे नाव पडलं आणि आपल्याला वाटलं, वर कुठेतरी ढगात आहे. हा ढग पाहायचा असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याने जावं. ऐरोली, रबाळे, महापे. एके काळी रसायनांचे कारखाने होते त्या पट्ट्यात आता जवळपास बिनखिडक्यांच्या इमारती आहेत, मागच्या अंगाला डिझेल जनरेटरांची रांग आणि वर शीतयंत्रं. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून ही वस्ती इथे वाढली.

या इमारतींचं पोट आता बदलतं आहे. पूर्वी सर्व्हरच्या एका कपाटाला पाच-दहा किलोवॉट वीज पुरायची. एनव्हिडियाच्या बहात्तर चिपांच्या नव्या कपाटाला सुमारे 120 किलोवॉट लागते, म्हणजे ऐंशीएक घरांतले एसी एकदम लावल्यासारखं. नुसत्या पंख्यांनी ते थंड होत नाही. चिपांपर्यंत नळीने द्रव खेळवावा लागतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे 41,500 कोटी युनिट वीज घेतली, एकूण वापराच्या दीड टक्क्याच्या आसपास. 2030 पर्यंत हा आकडा दुपटीच्याही पुढे जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडवर 1979 साली अणुभट्टीचा अपघात झाला होता. तिथलीच शेजारची, 2019 मध्ये बंद केलेली भट्टी पुन्हा पेटवून तिची वीज वीस वर्षं घेण्याचा करार मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये केला. सायकलच्या दुकानदाराने धरण विकत घ्यावं, तसा हा प्रकार आहे.

भाड्याचं मापही बदललं. तासांबरोबर आता टोकन मोजतात. टोकन म्हणजे यंत्र मजकुराचे जे बारीक तुकडे करून वाचतं तो एक तुकडा. इथे मराठी माणसाने कान टवकारावेत. मे 2024 मध्ये ओपनएआयने आपल्या नव्या मॉडेलबरोबर एक तक्ता दिला होता. त्यात नमुन्याच्या एकाच मजकुराला इंग्रजीत पूर्वी 27 टोकन लागायचे आणि मराठीत 96. नव्या पद्धतीत इंग्रजी 24 वर आली, मराठी 33 वर. सुधारणा मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याआधी तोच निरोप आपल्या भाषेत धाडायला साडेतीनपट तुकडे मोजले जात होते, याबद्दल आपल्याकडच्या एकाही साहित्य संमेलनात ठराव झाल्याचं मला आठवत नाही.

आता लिहिणाऱ्यांबद्दल. 2021 मध्ये गिटहबचा कोपायलट हा कोडलेखनातला मदतनीस आला. तो तुमची अर्धी ओळ पुरी करून द्यायचा. फेब्रुवारी 2025 मध्ये एआय संशोधक आंद्रेई कार्पाथी यांनी वाइब कोडिंग हा शब्द काढला: काय हवं ते सांगायचं आणि खाली कोड आहे हेच विसरून जायचं. कार्पाथींनी तो गमतीच्या, शनिवार-रविवारच्या उद्योगांपुरता वापरला होता. सोमवारी तो कचेरीत कधी पोचला, कळलंच नाही.

त्याच वर्षी आलेली मेटर या संस्थेची पाहणी मला फार बोलकी वाटते. सोळा अनुभवी प्रोग्रॅमर, त्यांच्या रोजच्या ओळखीचे प्रकल्प, 246 कामं. एआयची मुभा असलेल्या कामांना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण 20 टक्के लवकर उरकलं! माणसं मोजकी होती, साधनं 2025 च्या सुरुवातीची होती, नवशिक्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. हे सगळं मान्य. तरी माझा या पाहणीवर विश्वास बसतो, कारण माझंही तेच झालं.

या अंकातली एक कथा मालवणी संवादांची आहे. यंदा पहिल्यांदाच मी शुद्धलेखन तपासायला एक नवं साधन वापरून पाहिलं. मिनिटभरात कथा परत आली, स्वच्छ, इस्त्री केलेली. "खंय गेल्लंस?"चं "कुठे गेला होतास?" झालं होतं. "माका ठावक नाय" म्हणणारी म्हातारी "मला माहीत नाही" म्हणत होती. मला मात्र वाटत होतं की काम झपाट्याने झालं. चूक दिसली तिसऱ्या प्रुफात. एरवी दोन संध्याकाळी लागतात, या कथेला चार लागल्या, कारण बदल इतके नीटनेटके होते की नजर कुठे अडखळतच नव्हती. वाईट हस्ताक्षराचा एक उपकार असतो, ते तुम्हाला सावकाश वाचायला लावतं.

वरच्या मजल्यावरच्या मुलाला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काका, आमच्याकडे रोज हेच. कोड भसाभस येतो आणि रिव्ह्यूची रांग वाढत जाते. वाचायला माणूस नाही."

माणूस येणार कुठून? जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार लोकांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कारण एआय नव्हे, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. हिंजवडीत घराचा हप्ता भरणाऱ्यांना या दोन कारणांतला फरक किती जाणवला असेल, कोण जाणे. मला काळजी आहे ती अजून नोकरीला न लागलेल्यांची. नव्या मुलाला पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या कोडमधल्या बारीकसारीक चुका काढायला बसवायचे. कंटाळवाणं काम, पण नजर तिथेच तयार व्हायची. नेमकं तेच काम आता यंत्राकडे गेलं आहे.

आमच्या धंद्यात हे एकदा घडून गेलं आहे. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा एकेक अक्षर खिळ्यांनी जुळवलं जायचं. जुळारी मजकूर वाचायचा, मुद्रितशोधक वाचायचा, मग संपादक. पुढे डीटीपी आलं आणि जुळारी गेले. पाठोपाठ, आता स्क्रीनवर दिसतंच की, म्हणून मुद्रितशोधकही कमी झाले. त्यानंतरचे अंक काढून बघा, आमचेसुद्धा. छपाई देखणी झाली आणि 'दीन'चा 'दिन' सर्रास होऊ लागला.

या अंकापुरतं सांगायचं तर आम्ही मुद्रितशोधकाचं मानधन वाढवलं आणि त्यासाठी दोन रंगीत पानं कमी केली. मालवणी कथेचं शेवटचं प्रूफ लेखकाला कुडाळला फोनवर वाचून दाखवलं; म्हातारी पुन्हा आपल्या भाषेत बोलते आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलाची ऑन-कॉलची पाळी यंदाही नेमकी नरक चतुर्दशीलाच आली आहे. त्याच्या आईने चकलीचा डबा लॅपटॉपशेजारी ठेवायचं आधीच ठरवून टाकलंय.