उसनी बॅटरी

मागच्या आठवड्यात आमच्याकडे जेवणाच्या पानावर वाद झाला. भाचा हरिश्चंद्रगडावर जाऊन आला होता. वर चढताना त्याला चार मुलं भेटली. अंगात सुती शर्ट, पायात चपला, पावसाने कुडकुडत होती, पण वर जायचंच म्हणत होती. याने आपला जादा रेनकोट आणि एक बॅटरी त्यांना दिली. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "छान केलंस हो, पुण्य लागलं." भाच्याचा मित्र म्हणाला, "चूक केलीस. अशांना काही देऊच नये. एकदा अद्दल घडली की शिकतात."

मी दोघांनाही म्हटलं, तुमचं दोघांचंही चुकतंय. मग मला सहा-सात वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगावी लागली. ती मी घरात धड कुणाला सांगितली नव्हती. आता इथेही लिहून टाकते.

२०१९ चा श्रावण. मी आणि माझा पुतण्या येडशीच्या रामलिंगाला गेलो होतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातली (माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं) ही जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पायऱ्या उतरून खाली मंदिर, त्याला वळसा घालणारी नदी, माकडांचा सुळसुळाट आणि सगळीकडे जंगल. रावणाला अडवताना जटायू इथेच पडला असं आपल्याकडे मानतात. सोमवार नव्हता, त्यामुळे गर्दी कमी होती. दर्शन झालं. मी पायरीवर बसले होते. गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते, म्हणून हातात काठी असायची, आणि पिशवीत एक चांगली बॅटरी.

पाचच्या सुमाराला तीन मुलं आणि एक मुलगी आली. कॉलेजची असावीत. नदीच्या कडेकडेने वर जाऊन धबधबा वरून बघायचा होता त्यांना. आभाळ भरलेलं. त्यांच्याकडे पाण्याची एक बाटली आणि चार मोबाईल. मी शिक्षिकेच्या सवयीने म्हटलं, "अरे, अंधार पडेल की." त्यातला एक म्हणाला, "काय नाय होत ओ आज्जी, लगेच येतो." पण मुलगी घुटमळली. ती म्हणाली, "नको रे, उजेड नाही आपल्याकडं. परत जाऊ."

आणि इथे माझ्यातली पुण्यवान बाई जागी झाली. मी पिशवीतून बॅटरी काढून तिच्या हातात दिली. काठीही दिली. "जपून जा, जाताना इथे परत करा," असं म्हणून वर खडीसाखरेचा प्रसाद दिला!

सातला अंधार पडला. पाऊस सुरू झाला. आठ वाजले तरी मुलं नाहीत. पुतण्या आणि तिथली दोन माणसं शोधायला निघाली तर उजेडाला काही नाही, कारण माझी बॅटरी मुलांकडे! कुणाच्या तरी मोबाईलच्या उजेडात गेली. साडेनऊला सगळे परत आले. एका मुलाचा पाय घोट्यात मोडला होता, दोघांनी त्याला धरून आणलं होतं. नदीचं पाणी वाढल्याने गेली त्या वाटेने त्यांना येता आलं नव्हतं.

चार दिवसांनी त्या मुलाच्या आईचा फोन आला. त्या रडत होत्या. "बाई, तुमच्या बॅटरीमुळं माझा मुलगा वाचला." मी "असू द्या हो" म्हणून फोन ठेवला. खरं मला माहीत होतं. त्या बॅटरीमुळे तो वाचला नव्हता, त्या बॅटरीमुळे तो गेला होता. मी ती दिली नसती तर त्या मुलीचं ऐकून चौघंही पाच मिनिटांत माघारी फिरली असती. परत फिरायचं एकमेव कारण मी माझ्या हाताने काढून घेतलं. आणि वर आभार घेतले. ते आभार मला अजून टोचतात.

म्हणून जाऊबाईंना माझं सांगणं, दिलं की पुण्य लागलं इतकं हे सोपं नाही. देताना आपल्याला जे बरं वाटतं ते आपल्यासाठी असतं. घेणारा त्यानंतर कुठे जातो ते बघायला आपण थांबत नाही.

पण भाच्याच्या मित्राचं तर मला मुळीच पटत नाही. अद्दल घडली की शिकतात म्हणे! चौतीस वर्षं मी शाळेत काढली. पाटी विसरलेल्या पोराला उन्हात उभं करून कुणी पाटी आणायला शिकल्याचं मी पाहिलं नाही. आणि डोंगराची अद्दल छडीसारखी नसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच हरिश्चंद्रगडावर पुण्याचा एक गट धुक्यात वाट चुकला आणि त्यातला एक जण थंडीने गेला. शिकायला तो राहिला का?

कुणी म्हणेल, आपण नाही दिलं तरी जाणारे जातातच. जातील. पण उजेड नसेल तर थोडं कमी लांब जातील. आणि कुणी म्हणेल, सगळ्यांना महागडे बूट कुठून परवडणार? अहो, तयारी म्हणजे बूट नव्हेत. आमच्याकडचा धनगर एक घोंगडं आणि एक काठी घेऊन आयुष्यभर माळरानं फिरतो. त्याला वाट, पाणी, आभाळ कळतं. तो तयार आहे. दोन हजारांचे बूट घालून अंधाराची वेळ न बघता निघालेला तयार नाही.

आता तुळजापूरच्या वाटेचं बघा. कोजागरीला सोलापूरहून आणि कर्नाटकातून किती माणसं चालत येतात! सोलापूरपासूनच पंचेचाळीस किलोमीटर. कित्येकांची काहीच तयारी नसते. नवसासाठी कालच चपला काढलेल्या, तामलवाडीपर्यंत येईतो पायाला फोड. तिथे लोक पाणी देतात, चहा देतात, पायाला तेल लावून देतात, मलमपट्टी करतात. तिथे मी कुणालाही काहीही देते, हात आखडत नाही. कारण तो हमरस्ता आहे. पाय थकले तर माणूस कडेला बसू शकतो, गाडीत बसू शकतो, शेजारी शेकडो माणसं असतात. रामलिंगाच्या जंगलात यातलं काही नसतं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तर तिथे थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून वाघ चालत आला! आमच्या पिढीला स्वप्नातही वाटलं नसतं.

तेव्हा माझा नियम आता एवढाच आहे. माघारी येणाऱ्याला सगळं द्यावं. बॅटरी, काठी, अंगावरची शाल, परत मिळेल का हे न विचारता. पुढे जाणाऱ्याला काही देऊ नये. त्याला फक्त विचारावं. घरी सांगितलंय का? पाणी किती आहे? किती वाजता मागे फिरणार? उत्तर नसेल तर म्हणावं, "चला, मी खाली निघालेय, सोबत चला." हे म्हणायला बॅटरी देण्यापेक्षा जास्त धीर लागतो. माणसं रागावतात, 'म्हातारी खडूस आहे' म्हणतात. म्हणू देत.

भाच्याची ती चार मुलं सुखरूप उतरली की नाही, त्याला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "आत्या, एक जण परत फिरूया म्हणत होता."

असतोच गं बाई असा एक जण. त्याच्या बाजूने उभं राहायचं.