प्राणवायूलाही मात्रा असते

“डॉक्टर, प्राणवायू कधी कोणाला बाधतो का?” हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. माझे उत्तर असे, की होय, बाधतो. प्राणवायू हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असतेच.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेक घरांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले. ती यंत्रे आता माळ्यावरून उतरवून, ‘आजोबांना धाप लागते’ एवढ्याच कारणावरून या घरातून त्या घरात दिली जातात. शेजारधर्म चांगलाच, पण शेजाऱ्याच्या गोळ्या आपण न विचारता घेत नाही, मग त्याचे यंत्र न विचारता का लावावे?

वर्षानुवर्षे विडीच्या किंवा चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे खराब झाली आहेत, अशा काही रुग्णांच्या रक्तात जादा प्राणवायूमुळे कार्बन डायऑक्साइड साठतो. रुग्णाला गुंगी येते आणि घरच्यांना वाटते, चला, शांत झोप लागली! अशा रुग्णांना ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ हा आकडा सहसा पुरेसा असतो. तो ९८ व्हावा म्हणून प्रवाह वाढवणे धोक्याचे आहे. शिवाय रक्तक्षयात व हृदयविकारातही धाप लागते. तेथे नळी लावून दिवस काढले, तर मूळ दुखणे बळावते.

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढावे, बोट थंड नसावे, हात हलवू नये व आकडा स्थिरावल्यावरच वेळेसह वहीत लिहावा. सावळ्या त्वचेवर तो थोडा जास्तही दिसू शकतो. म्हणून रुग्णाकडेही पाहावे. ओठ निळसर झाले, गुंगी आली किंवा एक वाक्य सलग बोलवेना, तर प्रवाह वाढवत बसू नये. १०८ ला फोन करावा.

यंत्र भिंतीला चिकटवू नये, त्याची जाळी वेळोवेळी धुवावी. विडी-काडी, निरांजन व शेगडी दूर ठेवावी. प्राणवायूजवळ ठिणगीचा भडका होतो. वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो, म्हणून ज्यांना सतत प्राणवायू लागतो त्यांनी भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा.

माझे स्पष्ट मत आहे, की यंत्र विकणाऱ्याने व उसने देणाऱ्यानेही आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. आम्ही डॉक्टरांनीही त्या चिठ्ठीवर नुसते ‘ऑक्सिजन’ न लिहिता मिनिटाला किती लिटर, दिवसाचे किती तास आणि आकडा किती राखायचा, हे तिन्ही लिहावे. घरच्यांनी ती चिठ्ठी यंत्रावरच चिकटवून ठेवावी.