‘खुसखुशीत’चें कूळ

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं परवां असा सिद्धान्त मांडला कीं, ‘खुसखुशीत’ हा शब्द फारसी ‘खुश’पासून निघाला, जें खातां मन खुश होतें तें खुसखुशीत! ही व्युत्पत्ति ऐकावयास गोड आहे. परंतु ती व्युत्पत्ति नव्हे, कोटी आहे. श्रीखंड खाऊनही मन खुश होतें. त्यास खुसखुशीत कोण म्हणतो?

मूळ शब्दांत ‘श’ नाहींच. ‘खुसखुस’ ह्या ध्वनीस ‘ईत’ प्रत्यय लागला आणि ‘ई’च्या सान्निध्यानें ‘स’चा ‘श’ झाला. लुसलुशीत, रसरशीत, घसघशीत हीं सारीं भावंडें त्याच घरचीं. ‘म्हैस’चें अनेकवचन ‘म्हशी’ होतें तेंही ह्याच न्यायानें. म्हणजे ज्या ‘श’वर फारसीचा दावा उभा आहे, तोच शब्दाच्या मराठी जन्माचा दाखला ठरतो.

मग हा ध्वनि कसला? पापड मोडला तर शेजारच्या पानावरील माणसासही ऐकूं येतो, तो कुरकुरीत. करंजी मोडते तिचा आवाज खाणाऱ्यापुरताच असतो, ती खुसखुशीत. ह्या भेदास स्वयंपाकघरांत कारणही आहे. मोहन घातलें म्हणजे तूप पिठाच्या कणांस वेढून बसतें, पाण्यानें त्यांत चिवट तंतु जुळूं देत नाहीं, आणि घास ताणला न जातां हलकेच मोडतो. पापडांतील ओल तळतांना निघून जाते, म्हणून तो कडकडून मोडतो.

परंतु मला खरी धास्ती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आज उपाहारगृहांचीं पत्रकें, जाहिराती, किंबहुना आमच्या घरचीं मुलेंही पापड व करंजी ह्या दोहोंस ‘क्रिस्पी’च्या एकाच दावणीला बांधतात. ज्या इंग्रजीचा हा शब्द, ती भाषा स्वतः असें करीत नाहीं: ती पापडासारख्यास ‘क्रिस्प’ म्हणते आणि मोहनानें हलक्या झालेल्या पदार्थास ‘शॉर्ट’. शिवाय ‘क्रिस्प’चें लॅटिन मूळ पाहूं जातां त्याचा अर्थ ‘कुरळा’ असा निघतो!

परकीय शब्दांशीं माझें वैर नाहीं; तीस वर्षें इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्यास तें शोभणारही नाहीं. परंतु जो शब्द नवा भेद न आणतां जुना भेद पुसून टाकतो, त्याला पाहुणा कसें म्हणावें? जो लेख खदखदा न हसवितां गालांतल्या गालांत हसवितो, त्यासही आपण खुसखुशीतच म्हणतों. त्या लेखास उद्यां ‘क्रिस्पी’ म्हणून पाहावें, म्हणजे हानि केवढी तें कळेल.