अर्जातला ‘नाही’ कोणाचा?



आरोग्य विम्याच्या अर्जात प्रकृतीविषयी प्रश्नांचे एक पान असते. मधुमेह? रक्तदाब? थायरॉइड? पूर्वी शस्त्रक्रिया? आपल्या कितीतरी घरांत हे पान बाईच्या नावाचे असूनही बाई भरत नाही. एजंट भरतो, मिस्टर शेजारी बसतात आणि ओळीने ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा होतात. आपल्यापुढे अर्ज येतो तो सहीपुरता. गर्भाशयातल्या गाठी, पाळीतला अतिरक्तस्राव हे परक्या माणसापुढे कोण बोलणार? वर ऐकायला मिळते, “खरे लिहिले तर हप्ता वाढेल.”

या सहीला माझा विरोध आहे.

आपण चौविहार पाळतो, कंदमूळ घरात आणत नाही, दशलक्षण पर्वात उत्तम सत्याचे प्रवचन ऐकतो. मग खोट्या कागदावर सही कशी चालते? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. विम्याचा अर्ज हाही लेखच.

आता व्यवहार पाहू. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “शुगर कधीपासून?” आपण सहज सांगतो, “सहा वर्षे झाली.” ते केसपेपरवर लिहिले जाते आणि तोच कागद कंपनीकडे जातो. अर्जात ‘नाही’, केसपेपरवर ‘सहा वर्षे’. क्लेम तिथेच अडकतो.

एजंट म्हणतात, पाच वर्षे काढा, मग कोणी विचारत नाही. 2024 पासून नियम असा आहे खरा, की सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलत नाही, आणि जाणूनबुजून दडवणे याला दुसरे काय म्हणतात? शिवाय आजार पाच वर्षे दाराबाहेर थांबत नाही.

उलट, खरे सांगितलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त 36 महिने. त्यानंतर त्याच आजाराचा खर्च मिळतो. हो, हप्ता वाढू शकतो, अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. तरी दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला आहे.

“जे कर्मात असेल ते भोगायचे, विमा कशाला?” असेही कोणी म्हणेल. असातावेदनीयाचा उदय कोणाला चुकला? पण घरात कोणाला ताप आला तर आपण औषध देतोच ना? तो पुरुषार्थ आपल्या स्वतःच्या वाट्यालाच का नसावा?

खरे दुखणे इथे आहे. बाईने आजार अंगावर काढायचा, ही घराची सवय. अर्जातला ‘नाही’ त्याच सवयीची लेखी प्रत आहे.

म्हणून अर्ज स्वतः मागा. रिपोर्ट पुढ्यात घेऊन स्वतः भरा. ऑनलाइन असेल तर मुलीला शेजारी बसवा, पण उत्तरे तुमची द्या. पॉलिसी आली की सोबतची अर्जाची प्रत वाचा. चुकीचे उत्तर दिसले तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते.

शरीर तुमचे, सही तुमची. मग उत्तर दुसऱ्याचे कशाला?