गेममध्ये निर्णय खेळाडूचा, मग कथा कुणाची? ‘असॅसिन्स क्रीड’चा वाद नेमका काय होता?

आपलं पात्र कसं वागेल, कुणाशी मैत्री करेल, कुणाच्या प्रेमात पडेल, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. रोल-प्लेइंग गेम म्हणजेच आरपीजी अनेकांना आवडतात ते यासाठीच. पण कित्येक तास खेळल्यावर गेमनेच तुमचा निर्णय परस्पर फिरवला तर?

नेमकं काय घडलं?

ऑक्टोबर 2018 मध्ये युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ आला. प्राचीन ग्रीसमध्ये घडणाऱ्या या गेममध्ये कसांड्रा किंवा अलेक्सिओस यांपैकी एकाची भूमिका घेता येते. प्रेम स्त्रीवर करायचं, पुरुषावर की कुणावरच नाही, हेही खेळाडूच ठरवतो.

जानेवारी 2019 मध्ये ‘शॅडो हेरिटेज’ हा जोडभाग आला. त्यात मात्र काहीही निवडलं तरी कसांड्रा एका पुरुषासोबत, तर अलेक्सिओस एका स्त्रीसोबत संसार थाटतो आणि त्यांना मूल होतं. आपली कसांड्रा समलैंगिक आहे, असं ठरवून खेळणाऱ्यांसाठी हा धक्का होता. त्यात भर म्हणजे या टप्प्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीचं नाव होतं ‘ग्रोइंग अप’, म्हणजे ‘मोठं होणं’!

टीकेनंतर क्रिएटिव्ह डायरेक्टर जोनाथन ड्युमाँ यांनी माफी मागितली. ट्रॉफीचं नाव बदललं. प्रेमाशिवाय, फक्त वंश पुढे नेण्यासाठी एकत्र येण्याचा पर्यायही नंतर मिळाला. मूल मात्र कायम राहिलं.

कंपनीने असं का केलं?

2017 च्या ‘ओरिजिन्स’ गेममधली आया याच वंशातली, असं दाखवायचं होतं. त्यासाठी वारस हवाच होता.

शिवाय प्रत्येक निवडीमुळे काम वाढतं. दोन पर्यायांचे फक्त 10 निर्णय दिले, तरी 1,024 वाटा तयार होतात. प्रत्येक वाटेसाठी वेगळे संवाद, आवाज आणि ॲनिमेशन करणं परवडत नाही. म्हणून बहुतेक गेम या वाटा पुढे पुन्हा एकत्र आणतात.

मग ठरलेली भूमिका चुकीची का?

तसं नाही. ‘द विचर 3’मध्ये मुख्य पात्र गेराल्टच असतो आणि हे खेळणाऱ्याला आधीच माहीत असतं. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये तयार पात्र घ्या किंवा स्वतःचं बनवा, असे दोन्ही पर्याय आहेत.

‘ओडिसी’त खटकलं ते वेगळंच. जो निर्णय खेळाडूच्या हाती दिला होता, तोच नंतर काढून घेतला गेला. गेममध्ये आपल्यासारखं पात्र ज्यांना क्वचितच सापडतं, त्यांना ते जास्त लागलं.