विझलेली माळ मेलेली नसते

बरेच दिवस हे लिहायचं राहून गेलं होतं. आज रविवार, रूमवर कुणी नाही, म्हटलं लिहूनच टाकू.

तर झालं असं. गेल्या दिवाळीला घरी, म्हणजे वर्ध्याला गेलो होतो. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसचा तो कधी न संपणारा प्रवास, आईच्या हातचा चहा, आणि चहा संपायच्या आत बाबांनी दिलेलं काम. "लाइटिंग पाह्य जरा. गेटकडची अर्धी माळ लागूनच नाही राहिली." इंजिनियर मुलगा घरी आला की घरातल्या सगळ्या बंद वस्तू त्याच्यापुढे ठेवतात, हा अनुभव तुम्हालाही असेलच. मी जावामध्ये कोड लिहितो हे सांगून काही उपयोग होत नाही :)

माळ नेहमीचीच. शंभर एलईडीची, बाजारातली स्वस्तातली. गच्चीच्या कठड्यावरून पेरूच्या झाडातून लोखंडी गेटच्या कमानीपर्यंत आणलेली आणि बाइंडिंग वायरने करकचून बांधलेली. खरं तर ती आदल्या वर्षापासून तिथेच होती. तुळशीच्या लग्नानंतर काढायची, ती राहून गेली.

मी खाली गेलो तर आई अनवाणी सडा घालत होती. म्हणाली, "या गेटला हात लावला की झिणझिण करते रे सकाळपासून."

माझ्या पोटात गोळाच आला. आधी धावत जाऊन प्लग उपसला. बाबा मागून म्हणाले, "काहून एवढा घाबरून राहिला? तिकडची माळ तर बंदच आहे ना!"

बाबांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कारण आपण बहुतेक सगळे असाच विचार करतो. दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही.

आता बघा, एका पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट पुरतात. घरात येतात 230. म्हणून बरेच एलईडी एकापुढे एक जोडतात आणि एक रेझिस्टर टाकतात. यालाच आपण सिरीज म्हणतो. मधे कुठेही वायर तुटली की तो सगळा तुकडा विझतो. पण तुटलेल्या जागेपर्यंत फेज आलेलाच असतो! म्हणजे विझलेल्या माळेचं एक उघडं टोक 230 व्होल्ट घेऊन कुणीतरी हात लावायची वाट बघत बसलेलं असतं. चालू माळ निदान दिसते तरी. ही दिसतही नाही.

भर म्हणजे या माळांचा प्लग दोन पिनांचा. तो उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे फेज कुठल्या टोकाने येतोय हे सांगता येत नाही. म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचाच.

मग शोध सुरू केला. पद्धत आपलीच, ऑफिसातली. आधी बग कुठे नाही ते ठरवायचं. वरचा तुकडा पेटत होता, म्हणजे बिघाड खालच्या तुकड्यात. खाली दोन दिव्यांमधली वायर एकेक करून मल्टिमीटरने तपासली, बीप वाजला की पुढे. पेरूच्या फांदीपाशी बीप वाजला नाही. खारीने वायर कुरतडली होती. उंदीर काय, खार काय, यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्यांना काहीतरी चावायला लागतंच.

चला, बग सापडला. इथे थांबलो असतो तर काळी टेप गुंडाळून मोकळा झालो असतो. पण तुटलेली वायर झाडात, मग करंट गेटला कसा? म्हणून कमानीवरची माळ पूर्ण सोडली. वर्ध्याच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात वर्षभर राहून तिचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलं होतं, आणि बाइंडिंग वायरने दाबलेल्या जागी आतलं तांबं लोखंडाला टेकलं होतं. अंधार खारीने केला, पण झटका आमच्या आळसाने दिला.

मग एमसीबी का पडला नाही? कारण ते त्याचं कामच नाही. एमसीबी असतो वायरिंग जळू नये म्हणून. आमचा 6 अँपिअरचा आहे. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला 30 मिलिअँपिअरच्या पुढचा करंट काही क्षण वाहिला तरी धोका असतो, म्हणजे त्याच्या 200 पट कमी. माणूस जाईल पण एमसीबी हलणार नाही. त्यासाठी लागतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरलेत तर मात्र त्याला काही कळत नाही. तेव्हा शूरपणा नको.)

आता माझं मत. महावितरण दरवर्षी गणपती-नवरात्रात मंडळांना सांगतं, तुटक्या वायरी वापरू नका, अर्थिंग नीट करा. घरच्या माळेला मात्र कुणी विचारत नाही. आणि आपण पोरं? दिवाळीला आईबाबांसाठी स्मार्ट टीव्ही नेतो, अलेक्सा नेतो. मीटरखालचा बोर्ड उघडून बघत नाही. ऑफिसात दोन ओळींचा बदल टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि घरी लाइव्ह सिस्टिमवर चिकटपट्टी लावून "झालं बाबा" म्हणतो. याला जुगाड म्हणून मिरवू नये. जोड उघडा राहिला की त्याची किंमत सकाळी सडा घालणारी बाई मोजते.

ती माळ मी कापून फेकली. बाबा हळहळले, "अर्धी तर चालू होती ना." दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आणून आरसीसीबी बसवला. बऱ्यापैकी बुटांच्या एका जोडाएवढा खर्च आला असेल.

त्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबल्यावर लाइन पडली तरच तो जिवंत आहे असं समजायचं. बाबा आता दर महिन्याला ते दाबतात आणि फोनवर सांगतात, "पडली बरं का." आईच्या मागे टीव्ही बंद पडल्याच्या तक्रारी ऐकू येतात.

तुमच्या घरच्या बोर्डवर ते बटण आहे का? पुढच्या वेळी गेलात की आधी तेवढं बघा. बाकी दिवाळी नंतर.