स्मरणिका आणि विश्वकोश

संस्थेने पन्नाशी गाठली की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात : कृतज्ञतेचा मिस्सा, स्नेहभोजन आणि स्मरणिका. अलीकडे त्यांत चौथीची भर पडली आहे. कार्यकारी मंडळातील कोणी उत्साही सभासद उठतो आणि विकिपीडियावर आपल्या संस्थेची नोंद झालीच पाहिजे, असा ठराव मांडतो. नोंद लिहिली जाते, थोड्याच दिवसांत वगळली जाते, आणि मग ‘आम्ही अल्पसंख्य, आम्हांला कोण विचारतो?’ असा सूर निघतो. हा सूर आम्हांस मान्य नाही.

२००१ साली सुरू झालेल्या या विश्वकोशात संस्थेची थोरवी मोजली जात नाही. संस्थेशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह लेखकांनी, एकाहून अधिक ठिकाणी, तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे काय, हे तेथे पाहिले जाते. वर्धापनदिनाची बातमी, पदाधिकाऱ्यांची निवड, संस्थेनेच धाडलेले प्रसिद्धिपत्रक यांचा तेथे उपयोग नाही. वाद झाल्यास नुसती हातांची मोजणी होत नाही, युक्तिवाद तोलले जातात. त्यामुळे साऱ्या धर्मग्रामाने पाठिंबा दिला, तरी पुराव्याची उणीव भरून निघत नाही.

उदाहरण घरचेच घेऊ. फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची स्थापना केली. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओझानाम यांना धन्य घोषित केले. या सोसायटीवर इतिहासकारांनी लिहिले आहे, म्हणून तिची नोंद रास्तच आहे. परंतु मातृसंस्थेच्या पुण्याईवर प्रत्येक धर्मग्रामातील शाखेला निराळी नोंद मिळत नाही. यात शाखेचा अपमान कोठे आला? निराधार विधवेच्या घरी महिन्याचे धान्य पोहोचवणाऱ्याने उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू देऊ नये, ही प्रभूची शिकवण आहे. जे गुप्तपणे करायचे, त्याचा गाजावाजा झाला नाही म्हणून रुसायचे कशाला?

दोष आमच्याकडेही आहे, हे कबूल केले पाहिजे. आमच्यासारखी नियतकालिके संस्थांचे गौरवलेख छापतात आणि ते बहुधा त्या संस्थेच्याच चिटणिसांनी लिहिलेले असतात. स्मरणिकेत तर अध्यक्षांची छायाचित्रे आणि शुभसंदेश यांनीच पाने भरतात. फसलेला उपक्रम, बुडालेले कर्ज, मंडळातील फूट यांविषयी एक ओळ नसते. अशा लिखाणाला परक्या वाचकाने पुरावा का मानावे?

मात्र नोंद वगळणाऱ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. आधार इंग्रजीतच असावा किंवा संगणकावरच सापडावा, असा त्या विश्वकोशाचा नियम नाही. मराठी पुस्तक, जुने वृत्तपत्र, ग्रंथालयातील छापील ग्रंथ हेही तेथे ग्राह्य आहेत. पडद्यावर काही दिसले नाही एवढ्यावरून ‘काहीच नाही’ असा निवाडा देणे हा आळस आहे. त्या आळसाचा फटका प्रादेशिक भाषेत जगलेल्या संस्थांना अधिक बसतो.

मग करावे काय? आपल्या संस्थेची नोंद आपणच लिहू नये. आधार असतील तर त्या विश्वकोशाच्या चर्चापानावर, संस्थेशी असलेले आपले नाते उघड करून, ते मांडावेत आणि निर्णय इतरांवर सोडावा. आधार नसतील तर ते निर्माण होण्याजोगी परिस्थिती निर्माण करावी. सभांची इतिवृत्ते, हिशेबाच्या वह्या, जुना पत्रव्यवहार जपावा. इतिहासाच्या अभ्यासकास, तो आपल्या धर्माचा असो वा नसो, ही दप्तरे खुली करावीत आणि त्याने काढलेला निष्कर्ष कडू असला तरी सोसावा.

वाचकहो, येत्या बैठकीत विकिपीडियाचा ठराव मांडण्यापूर्वी कार्यालयातील कपाट एकदा उघडून पाहा. आपल्या वाडवडिलांनी लिहिलेली पहिली इतिवृत्तवही तेथे आहे, की वाळवीच्या पोटात गेली? ती गेली असेल, तर आपली नोंद परक्या संपादकाच्या फार आधी आपणच वगळली आहे.